फीच्या बिलातली शेवटची ओळ: अमेरिकेतली ग्रॅज्युएट स्टुडंट काउन्सिल करते तरी काय?

माझा भाचा यंदा अमेरिकेत एमएस करायला गेला. पहिल्या सेमिस्टरचं बिल आलं त्या रात्रीच दादाने त्याचा फोटो मला पाठवला. ट्यूशन, हेल्थ इन्शुरन्स, टेक्नॉलॉजी फी, बसची फी आणि सगळ्यात खाली 'ग्रॅज्युएट स्टुडंट काउन्सिल फी'. रक्कम किरकोळ होती, पण दादा हिशोबी माणूस. "ही शेवटची ओळ कसली गं? देणगी आहे का? नाही दिली तर चालतं का?"

चालत नाही, एवढं मी कळवलं. का चालत नाही, हे मात्र मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. तिकडे पीएचडी करताना मी दोन वर्षं डिपार्टमेंटची प्रतिनिधी म्हणून अशाच एका काउन्सिलवर, म्हणजे पदवीनंतर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधी मंडळावर, होते. तेव्हा आईनेही फोनवर विचारलं होतं, "अगं, तू शिकायला गेलीस की पुढारी व्हायला?"

गेली काही वर्षं अमेरिकन विद्यापीठं सतत बातम्यांत आहेत. कधी व्हिसा, कधी संशोधनाचा आटलेला निधी, कधी विद्यार्थ्यांचे संप. अशा बातमीत एखादं वाक्य असतं की 'ग्रॅज्युएट काउन्सिलने ठराव केला'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोर्चा आणि घोषणा येतात. प्रत्यक्षात काउन्सिलचं नव्वद टक्के काम कमालीचं कंटाळवाणं असतं. मला विचाराल तर तिची सगळी ताकद त्या कंटाळवाण्या कामातच आहे.

आधी 'ग्रॅज्युएट' शब्दाचा घोळ

आपण ग्रॅज्युएट म्हणतो ते पदवी झालेल्याला. अमेरिकेत पदवी करत असलेला तो 'अंडरग्रॅज्युएट', आणि पदवीनंतर एमएस किंवा पीएचडी करणारा 'ग्रॅज्युएट स्टुडंट'. बोलताना नुसतंच 'ग्रॅड'. वकिली, डॉक्टरी, एमबीए करणाऱ्यांना 'प्रोफेशनल' विद्यार्थी म्हणतात. काही ठिकाणी तेही याच छत्राखाली येतात, काही ठिकाणी त्यांची चूल वेगळी.

त्यामुळे नावंही वेगवेगळी. एमआयटी आणि स्टॅनफर्डमध्ये 'ग्रॅज्युएट स्टुडंट काउन्सिल', कॉर्नेलमध्ये 'ग्रॅज्युएट अँड प्रोफेशनल स्टुडंट असेंब्ली', वॉशिंग्टन विद्यापीठात 'सेनेट', बर्कलीत 'ग्रॅज्युएट असेंब्ली'. पाटी कुठलीही असली तरी आतलं काम साधारण एकच. मी सगळ्यांना काउन्सिलच म्हणणार आहे.

अंडरग्रॅज्युएट मुलांची विद्यार्थी संघटना असताना ग्रॅडची वेगळी कशाला? कारण दोघांचं आयुष्य वेगळं. अठरा वर्षांच्या मुलाला वसतिगृहातली खोली, मेसचं जेवण आणि शनिवारचा सामना या गोष्टी महत्त्वाच्या. एकोणतीस वर्षांच्या पीएचडीवाल्याला बायको आहे, कदाचित सहा महिन्यांचं बाळ आहे, आणि लॅबमधला प्रयोग रविवारी पहाटे चार वाजता बघायला जायचं आहे.

आरोग्य विम्याचंच उदाहरण घ्या. २०१० च्या अमेरिकन आरोग्य कायद्यामुळे मुलांना वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहता येतं. त्यामुळे बऱ्याच अंडरग्रॅज्युएट मुलांना विद्यापीठाच्या विम्याचा हप्ता वाढला काय नि घटला काय, फरक पडत नाही. ग्रॅडमधले कितीतरी जण सव्विशीच्या पुढचे, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या आईवडिलांचा अमेरिकेत विमाच नसतो. शिवाय विद्यार्थी एफ-१ व्हिसावर असेल तर त्याची बायको किंवा तिचा नवरा एफ-२ व्हिसावर, आणि एफ-२ वाल्याला नोकरी करता येत नाही. म्हणजे एका स्टायपेंडमध्ये, दरमहाच्या विद्यावेतनात, दोन-तीन माणसांचा विमा. दोन्ही गट एकाच संघटनेत असते तर विम्याच्या विषयाला अजेंड्यावर जागाच मिळाली नसती.

मास्तर, मालक आणि घरमालक एकच

पीएचडीचा विद्यार्थी बहुतेक वेळा 'टीए' किंवा 'आरए' असतो. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट: पेपर तपासणं, लॅब घेणं, गणितं सोडवून देणं. आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट: गाईडच्या प्रकल्पावर काम. सहसा आठवड्याला वीस तास. त्या बदल्यात ट्यूशन माफ होते आणि दरमहा स्टायपेंड मिळतो.

आता कल्पना करा, तुम्हाला शिकवणारा, पगार देणारा, ज्याच्या घरात तुम्ही भाड्याने राहता तो आणि ज्याच्यामार्फत तुमचा विमा आहे तो, हे चारही एकच. त्यात परदेशी असाल तर तुमच्या व्हिसाचे कागदही त्याच्याच कपाटात. पगाराबद्दल कुरकुर करायची तर ती मास्तरांकडेच. घरभाडं वाढलं म्हणून दुसरीकडे जावं तर मालक तोच. कुणी वाईट वागतं असं नाही, पण एवढ्या सगळ्या दोऱ्या एकाच हातात असल्या की एकट्याने तोंड उघडणं जड जातं. 'हे मी नाही, आमची काउन्सिल म्हणतेय' असं म्हणायला मिळणं, हा काउन्सिलचा पहिला उपयोग.

जाता जाता: विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन विद्यापीठाला वाकवणं ही काही अमेरिकेची टूम नव्हे. मध्ययुगात बोलोन्यामध्ये तर विद्यार्थ्यांचा संघच प्राध्यापक नेमायचा, आणि तासाला उशिरा येणाऱ्या प्राध्यापकाला दंड करायचा. आमच्या काउन्सिलला एवढे अधिकार असते तर काय बहार आली असती.

बैठक कशी चालते

प्रत्येक डिपार्टमेंटमधून एक-दोन प्रतिनिधी निवडून येतात. निवडून येतात म्हणजे बहुतेकदा दुसरं कुणी उभंच राहत नाही. माझी निवड अशीच झाली. सेमिनारनंतर एका सीनियरने विचारलं, "कुणी जाणार का?", आणि मी त्या वेळी दाराशी उभी होते. प्रतिनिधींच्या वर एक छोटं कार्यकारी मंडळ: अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. त्यांची मुदत सहसा एक वर्ष. पाहिजे तर कमिट्या: घरं, विमा, प्रवास-अनुदान, नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत.

महिन्यातून एकदा संध्याकाळी सर्वसाधारण बैठक. टेबलावर पिझ्झाचे खोके, पलीकडे हजेरीचा कागद. पिझ्झा संपायच्या आत कोरम भरला पाहिजे, नाहीतर ठराव करता येत नाही. एकदा दोन डोकी कमी पडली म्हणून चिटणीस वरच्या मजल्यावरच्या लॅबमधून एका प्रतिनिधीला हातमोज्यांसकट घेऊन आला. त्याने दारातूनच 'हजर' म्हटलं, मत दिलं आणि तो परत सेंट्रिफ्यूजकडे पळाला.

ठराव कोण मांडणार, अनुमोदन कुणाचं, चर्चा किती वेळ, दुरुस्ती कशी, हे सगळं बहुतेक ठिकाणी 'रॉबर्ट्स रूल्स' नावाच्या नियमांनी चालतं. हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करातल्या इंजिनिअरने ते १८७६ मध्ये छापले. गंमत म्हणजे, अमेरिकेत संशोधनाला वाहिलेलं पहिलं विद्यापीठ मानलं जातं ते जॉन्स हॉपकिन्सही त्याच वर्षी सुरू झालं. नवख्याला हे नियम म्हणजे पोरखेळ वाटतो. पण मोठ्या आवाजाच्या चार जणांनी बैठक गिळून टाकू नये यासाठी मला तरी याहून चांगला उपाय दिसला नाही.

पैसा येतो कुठून, जातो कुठे

दादाच्या प्रश्नाकडे येते. फी सक्तीची असते, कारण काउन्सिलचे सभासद सगळेच असतात. सोसायटीत जसं तुम्ही मीटिंगला जा की नका जाऊ, मेंटेनन्स द्यावाच लागतो, तसंच. काही विद्यापीठांत बिलावर वेगळी ओळ असते, काही ठिकाणी 'स्टुडंट ॲक्टिव्हिटी फी'मध्येच तो भाग असतो, तर काही खासगी विद्यापीठं स्वतःच्या बजेटमधून पैसे देतात.

या फीतून विद्यार्थ्यांच्या क्लबांनाही पैसे मिळतात, त्यावर येणारा आक्षेप ठरलेला: 'मला न पटणाऱ्या क्लबला माझ्या पैशातून खाऊ का?' हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या साउथवर्थ नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने खटला भरला होता. २००० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सरकारी विद्यापीठाला अशी सक्तीची फी घेता येईल, पण अट एकच: पैसे वाटताना क्लबचं मत काय आहे हे बघायचं नाही. डावे, उजवे, आस्तिक, नास्तिक, सगळ्यांना एकच फूटपट्टी. म्हणून काउन्सिलच्या खजिनदाराच्या अर्जात 'कार्यक्रम किती जणांसाठी, खर्च किती' हे रकाने असतात, 'तुमची भूमिका काय' हा रकाना नसतो.

पैसे जातात क्लबांना, नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला, कुठे वकिलाचा सल्ला द्यायला, कुठे पाळणाघराच्या मदतीला. सगळ्यांना ठाऊक असलेलं खातं मात्र एकच, ट्रॅव्हल ग्रँट. कॉन्फरन्सला जाऊन पेपर वाचायचा तर विमान, हॉटेल, नोंदणी हे सगळं आधी स्वतःच्या खिशातून भरायचं आणि पावत्या जोडून दीड-दोन महिन्यांनी परत मिळवायचं, ही अमेरिकन विद्यापीठांची जुनी पद्धत. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीस काहीच उरत नाही त्याने काय करावं? काउन्सिलची ग्रँट तिथे कामाला येते, विशेषतः आगाऊ मिळाली तर.

मी एक वर्ष ते अर्ज वाचले. नावं काढलेली, फक्त अर्जाचा नंबर. एकाला फक्त पोस्टर छापायचे पैसे हवे होते. त्याने लिहिलं होतं, 'मी मित्राच्या गाडीने जाणार आहे आणि त्याच्याच खोलीत जमिनीवर झोपणार आहे.' आम्ही तिघांनी तो अर्ज वाचला आणि कुणीच काही बोललं नाही. नियमात बसत होतं तेवढं सगळं त्याला दिलं.

कमिटीतली एक खुर्ची

आता मुख्य गोष्ट. विद्यापीठ चालतं ते कमिट्यांवर. विम्याचा ठेका कुणाला, पार्किंगचे दर किती, लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत, घरभाडं किती वाढणार, यातल्या प्रत्येकासाठी एक कमिटी असते. तिथे विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी पाठवायचा अधिकार अनेकदा काउन्सिलकडे असतो. टेबलाभोवती पंधरा माणसं, त्यात एक ग्रॅड. अगदी वरच्या पातळीवरही हेच चित्र. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्स मंडळात, म्हणजे विद्यापीठाच्या सर्वोच्च नियामक मंडळात, सव्वीस जण, त्यात विद्यार्थी एक. त्याला मत मात्र पूर्ण.

पंधरात एक मत म्हणजे शून्यच, असं कुणीही म्हणेल. मतमोजणीपुरतं ते खरं आहे. पण भाजी पानात पडल्यावर 'मीठ कमी आहे' म्हणणं वेगळं आणि फोडणीच्या वेळी ओट्यापाशी उभं असणं वेगळं. निर्णय जाहीर झाल्यावर हजार सह्यांचं निवेदन देऊन जे होत नाही, ते मसुदा तयार होत असताना 'दर महिन्याला हप्ता कापता येईल का, एकदम नको' एवढं विचारून कधीकधी होतं. त्या खोलीतल्या बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं की ऑगस्टमध्ये विद्यार्थ्याच्या खात्यात किती पैसे असतात.

आमच्याकडे असा एक जुना ठणका होता. सेमिस्टर ऑगस्टच्या मध्याला सुरू व्हायचं, पहिला स्टायपेंड यायचा सप्टेंबरच्या शेवटी, काहींचा तर ऑक्टोबरच्या शेवटी. मधल्या काळात घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, भांडीकुंडी. नव्या परदेशी विद्यार्थ्याला क्रेडिट कार्डही सहजासहजी मिळत नाही, कारण त्याची अमेरिकेत उसनवारीची काही नोंदच नसते. मी स्वतः रूममेटकडून उसने घेऊन पहिला महिना काढला. सगळे चिडचिड करायचे आणि पगार आला की विसरायचे.

काउन्सिलने काय केलं? दोन प्रश्नांचा एक फॉर्म काढला. पहिला पगार किती दिवसांनी आला? तोवर पैसे कुठून आणले? उत्तरं डिपार्टमेंटनुसार मांडली आणि मी व आणखी एक जण ती घेऊन पगार विभागात गेलो. तिथल्या बाईंनी कागद बघितला आणि एक तारीख सांगितली. महिन्याच्या त्या तारखेनंतर नेमणुकीचा फॉर्म आला की पगार आपोआप पुढच्या महिन्यात ढकलला जायचा. काही डिपार्टमेंट्सचे क्लार्क सुट्टीवरून परत आल्यावर फॉर्म भरत होते. कुणाचा डाव नव्हता, कट नव्हता. या टेबलावरची तारीख त्या टेबलाला माहीत नव्हती.

हे कळायला एक दुपार लागली, आणि बदलायला चौदा महिने. नव्या विद्यार्थ्यांचे फॉर्म जुलैतच भरायचे असं ठरलं, आणि पहिल्या महिन्यासाठी बिनव्याजी छोटं कर्ज सुरू झालं. मला त्याचा काहीच फायदा झाला नाही. काउन्सिलवर असताना तुम्ही जे मिळवता ते जवळजवळ नेहमी पुढच्या बॅचला मिळतं.

'मग युनियन काय करते?'

हा गोंधळ बातम्या वाचणाऱ्यांचा सगळ्यात मोठा. काउन्सिल सगळ्या ग्रॅड विद्यार्थ्यांची असते. स्वतः फी भरून एमएस करणारा माझा भाचाही तिचा सभासद. युनियन मात्र विद्यापीठात काम करणाऱ्यांची: टीए, आरए. ती विद्यापीठाशी वाटाघाटी करून पगाराचा करार करते आणि तो करार कायद्याने बांधलेला असतो. काउन्सिल सल्ला देते. सल्ला कुणी ऐकला नाही तर कोर्टात जाता येत नाही.

हा फरक कायद्यातच आहे. १९३५ च्या अमेरिकन कामगार कायद्याने मालकाने पोसलेल्या कामगार संघटनांवर बंदी घातली, कारण कारखानदार आपलीच एक बाहुली युनियन उभी करून खऱ्या युनियनला बाजूला सारत असत. काउन्सिलचे पैसे विद्यापीठामार्फत येतात, बऱ्याचदा ऑफिसही विद्यापीठाच्याच इमारतीत. अशा संस्थेने पगाराच्या करारावर सही करणं त्या कायद्याच्या हेतूच्या उलट जाईल. म्हणून काउन्सिल 'भाडं इतकं वाढलं, स्टायपेंड इतकाच राहिला' असा तक्ता मांडू शकते, पण संपाची नोटीस देणं हे तिचं काम नाही.

मुळात ग्रॅड विद्यार्थी कामगार आहे का, यावरच अमेरिकेचं एकमत नाही. खासगी विद्यापीठांबाबत निर्णय देणाऱ्या राष्ट्रीय कामगार मंडळाने २००० मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात 'आहे' म्हटलं, २००४ मध्ये ब्राउनच्या प्रकरणात 'नाही' म्हटलं आणि २०१६ मध्ये कोलंबियाच्या प्रकरणात पुन्हा 'आहे' म्हटलं. सरकारी विद्यापीठांना त्या त्या राज्याचा कायदा लागू. विस्कॉन्सिनमधल्या टीएंनी १९६६ मध्येच आपली संघटना उभी केली होती. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८ हजार जण संपावर गेले, त्यांची युनियन होती युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे मुळात मोटारी बनवणाऱ्या कामगारांची. कुंभाराच्या चाकाशी सुताराने बसावं तसं वाटेल, पण त्या युनियनकडे वाटाघाटींचा अनुभव आहे आणि संपकाळात द्यायला निधी आहे. विद्यार्थ्यांना तेच हवं होतं.

दोन्ही संस्था एकाच कॅम्पसवर सुखाने नांदतात का? कधी कधी. युनियनवाल्यांना काउन्सिल मवाळ वाटते, काउन्सिलवाल्यांना युनियन आडमुठी. माझ्या मते दोन्ही लागतात. बसची वेळ आणि लायब्ररीचे तास यासाठी युनियनने टेबल बडवण्यात अर्थ नाही, आणि पगारासाठी फक्त विनंतीपत्रं लिहिण्यातही नाही.

'विद्यापीठाच्या बाहेरच्या संकटात काउन्सिल काय कामाची?'

थोडी कामाची, पण तिच्या नावावर भलतं श्रेय टाकू नये. २०१७ ची गोष्ट. अमेरिकन प्रतिनिधीगृहाने १६ नोव्हेंबरला मंजूर केलेल्या करविधेयकात एक तरतूद होती: माफ झालेली ट्यूशन हे विद्यार्थ्याचं उत्पन्न धरायचं. समजा तुमचा स्टायपेंड ३० हजार डॉलर आणि माफ झालेली ट्यूशन ४० हजार डॉलर. हातात येतात ३० हजारच, पण कर ७० हजारांवर. जे पैसे कधी डोळ्यांनी पाहिले नाहीत त्यांवर कर.

देशभरच्या काउन्सिलांनी तेव्हा काय केलं, तर हिशोब. 'तुमच्या स्टायपेंडवर कर किती वाढेल' याचे तक्ते बनवले, खासदारांना फोन करायला लावले, पत्रं लिहिली. २२ डिसेंबरला कायद्यावर सही झाली तेव्हा ती तरतूद त्यात नव्हती. विजय काउन्सिलांचा? अंशतः. अमेरिकन संसदेच्या दुसऱ्या सभागृहाच्या, सिनेटच्या, मसुद्यात ती तरतूद आधीपासूनच नव्हती, आणि विद्यापीठांची स्वतःची माणसंही वॉशिंग्टनमध्ये खटपट करत होती. पण ट्यूशन माफी म्हणजे चैन नव्हे हे सामान्य अमेरिकनाला समजलं ते त्या तक्त्यांमुळे, असं मला वाटतं.

व्हिसाच्या बाबतीत हात आणखी आखूड. ६ जुलै २०२० ला सरकारने जाहीर केलं की सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या आणि १४ जुलैला सरकारने तो आदेश मागे घेतला. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या 'सेविस' नोंदी, म्हणजे सरकारी यादीतलं त्यांचं नाव, अचानक रद्द झाल्या. कोर्टकचेऱ्या झाल्यावर एप्रिलच्या शेवटी सरकारने त्या परत चालू करायचं ठरवलं. अशा वेळी काउन्सिल खटला लढत नाही. वकिलाची वेळ मिळवून देणं, बातमी आणि अफवा वेगळी करून सांगणं, स्टायपेंड थांबू नये म्हणून डीनच्या मागे लागणं, एवढंच ती करू शकते.

'काउन्सिलवर गेल्याने व्हिसाला धोका?'

दादाचा दुसरा प्रश्न हाच होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की पीएचडी विद्यार्थिनीला सरकारी यंत्रणेने रस्त्यात ताब्यात घेतलं. विद्यापीठाच्या वृत्तपत्रातल्या एका लेखाची ती सहलेखिका होती, आणि तो लेख होता विद्यार्थी सेनेटच्या गाझाविषयीच्या ठरावांना विद्यापीठाने दिलेल्या प्रतिसादावर. मे महिन्यात कोर्टाच्या आदेशाने ती सुटली. तेव्हा 'काही होत नाही रे' असं मी दादाला सांगितलं नाही.

पण विमा, बस आणि पगाराच्या तारखा यांच्या कमिटीत बसणं वेगळं, आणि आंतरराष्ट्रीय प्रश्नावरच्या ठरावाखाली नाव घालणं वेगळं. दुसरं करू नये असं मी म्हणत नाही. करणाऱ्याने डोळे उघडे ठेवून करावं. एक छोटी तांत्रिक बाबही आहे. काही काउन्सिलांत अध्यक्ष, खजिनदार यांना मानधन मिळतं. एफ-१ वर असताना सेमिस्टर चालू असेल तेव्हा कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं. आधीच टीए असाल तर मानधनाचं पद घेण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यायचं.

गाईडशी बिनसलं तर

ही गोष्ट सगळ्यात नाजूक. काउन्सिल कुणाची वैयक्तिक तक्रार चालवत नाही, आणि चालवूही नये. बावीस-पंचविशीतली मुलं कसली न्यायाधीश होणार? ती तुम्हाला 'ऑम्बुड्स'कडे पाठवते, म्हणजे कुणाच्याही बाजूचा नसलेला, गुप्तता पाळणारा मध्यस्थ. तो निकाल देत नाही, पुढे कोणते रस्ते आहेत ते सांगतो.

काउन्सिलचं खरं काम नियमांवर. पीएचडीवाल्याला गाईड सोडता का येत नाही? कारण गाईड सुटला की पगार सुटतो, पगार सुटला की ट्यूशन माफी जाते, आणि परदेशी असेल तर पुढे व्हिसाही. मग काही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी लावून धरलं की गाईड बदलणाऱ्याला मधलं एक सेमिस्टर विद्यापीठाने सांभाळावं. एमआयटीसारख्या ठिकाणी अशी सोय झाली. नियम एका ओळीचा, पण त्या ओळीमुळे माणूस 'मला हे झेपत नाही' असं म्हणू शकतो. २०१८ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त आलेल्या एका सर्वेक्षणात ३९ टक्के ग्रॅड विद्यार्थ्यांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्य दिसलं होतं. सर्वेक्षण भरणारे आपणहून पुढे आलेले होते, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावू नये. पण गाईडशी चांगलं नातं नसलेल्यांची अवस्था जास्त वाईट होती, हे वाचून आमच्या लॅबमध्ये कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं.

'हे सगळे रिझ्युमेसाठीच येतात'

काही येतात. येऊ देत. इतिवृत्त वेळेवर लिहीत असतील तर माझी हरकत नाही.

काउन्सिलचा खरा आजार दुसराच आहे, विसराळूपणा. एमएसवाला दोन वर्षांत जातो, अध्यक्ष दर मे महिन्यात बदलतो, प्रशासनातली माणसं मात्र वीस-वीस वर्षं त्याच खुर्चीत असतात. एखादा विषय नको असेल तर नाही म्हणायची गरजच नसते. 'पुढच्या सेमिस्टरला बघू' म्हटलं की पुढच्या सेमिस्टरला समोर नवा चेहरा येतो आणि पहिल्यापासून विचारू लागतो. काहीजण हे मुद्दाम करतात, बहुतेकांच्या बाबतीत ते आपोआप होतं.

पगाराच्या तारखेचं काम संपल्यावर मी काउन्सिलच्या ऑफिसातलं एक कपाट आवरत होते. तळाशी एक पुठ्ठ्याची फाईल निघाली. अकरा वर्षांपूर्वीची. आत टाईप केलेलं पत्र, पगार विभागालाच लिहिलेलं: नव्या विद्यार्थ्यांचा पहिला स्टायपेंड फार उशिरा येतो, कृपया चौकशी व्हावी. त्याला आलेलं उत्तरही होतं. त्यात ती तारीख, जी आम्हाला त्या बाईंनी सांगितली होती, स्पष्ट लिहिलेली होती. अकरा वर्षं कुणीतरी दरवर्षी रूममेटकडून उसने घेत होतं आणि उत्तर कपाटात पडून होतं.

त्यानंतर मी उरलेला कार्यकाळ दुसरं काही केलं नाही. सगळे जुने कागद स्कॅन केले, विषयवार फोल्डर बनवले आणि प्रत्येकात वर एक पानाची चिठ्ठी ठेवली: काय मागितलं, कुणाकडे, काय उत्तर आलं, कुठे अडलं. रिझ्युमेवर लिहिण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

परवा भाच्याचा मेसेज आला. "आत्या, आमच्या डिपार्टमेंटची काउन्सिलमधली जागा रिकामी आहे. मी सहज मीटिंगला जाऊन आलो. चाळीस मिनिटं शेवटच्या बसच्या वेळेवर वाद चालला होता." मी विचारलं, मग काय ठरलं? म्हणाला, "काही नाही. एक मुलगी म्हणाली तीन वर्षांपूर्वीही यावर चर्चा झाली होती, पण तेव्हाच्या मीटिंगचं इतिवृत्त कुणाला सापडलं नाही."